सातव्या लढतीची नोंद

परभणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बॉक्सिंगच्या सहा लढतींत सहा विजय अशी स्वच्छ नोंद होती, सातवी लढत विभाजित निर्णयाने, म्हणजे पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा मताने, गेली आणि पराभवाच्या रकान्यातला तो एक तुला झोपू देत नाही, असे तू लिहितोस. तुझ्यावर अन्याय झाला की नाही, हे मी आज सांगणार नाही, कारण ती लढत मी फोनच्या पडद्यावर, मध्येच अडकणाऱ्या चित्रात पाहिली आहे.

आधी गुणपत्रिका नीट वाच. दोन पंचांनी 58-56 असा कौल प्रतिस्पर्ध्याला दिला आणि तिसऱ्याने तेवढ्याच गुणांनी तुला. फेरी जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुधा 9 गुण मिळत असल्यामुळे सहा फेऱ्यांत 58-56 म्हणजे चार फेऱ्या विरुद्ध दोन. त्या दोघांपैकी एकाने एक फेरी जरी तुझ्या नावावर लिहिली असती, तरी त्याची पत्रिका 57-57 झाली असती आणि लढत बरोबरीत सुटली असती. माझा संशय चौथ्या फेरीवर आहे. अडीच मिनिटे ती तुझीच होती. शेवटचे अर्धे मिनिट मात्र तू दोरांकडे सरकत राहिलास आणि पंचांच्या नजरेत तेवढेच ताजे राहिले असावे.

मी तालमीतून या खेळात आलो. माळेगावच्या यात्रेत कुस्ती निकाली झाली, पाठ टेकली, की वाद उरत नाही. इथे नॉकआउट नसेल तर सारे तीन जणांच्या डोळ्यांवर असते. (पंच म्हणायचे आणि बसवायचे तीनच, ही गंमत आपल्या भाषेतली.) ते तिघे रिंगच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे एकाला जबड्यावर लागलेला दिसणारा ठोसा दुसऱ्याला ग्लोव्हवर अडलेला दिसू शकतो.

अमेरिकन बॉक्सर परनेल व्हिटेकरची नोंद पाहा. 1993 मध्ये सॅन अँटोनिओ येथे हुलिओ सेझार चावेझशी लढताना त्याच्या नावावर एकच पराभव होता आणि तोही 1988 मध्ये फ्रान्समध्ये होजे लुईस रामिरेझविरुद्ध लागलेल्या वादग्रस्त विभाजित निर्णयाचा. चावेझविरुद्ध बहुतेक जाणकारांनी त्यालाच विजयी मानले. पण दोन पंचांनी 115-115 लिहिले, लढत बरोबरीत गेली आणि चावेझची 87 विजयांची अपराजित नोंद वाचली. त्या 87 मध्येही 1981 चा एक विजय असा आहे की, त्यात चावेझला आधी अपात्र ठरवले होते आणि नंतर स्थानिक मंडळाने निकाल फिरवला. आयोजक मात्र आकडाच वाचतो आणि मानधन ठरवतो.

तक्रारीने निकाल सहसा बदलत नाही. बेरीज चुकली, संगनमत सिद्ध झाले किंवा नियम चुकीचा लावला गेला, तरच आशा असते. 2012 मध्ये टिमोथी ब्रॅडलीने मॅनी पॅक्वियाओला विभाजित निर्णयाने हरवले, तेव्हा डब्ल्यूबीओ या जगज्जेतेपद देणाऱ्या संघटनेने पाच पंचांकडून लढत पुन्हा तपासून घेतली. पाचही जणांनी पॅक्वियाओच्या बाजूने कौल दिला, तरी नोंदीतला पराभव कायम राहिला. लेनॉक्स लुईसला 1999 च्या मार्चमधील बरोबरीनंतर होलिफिल्डशी त्याच नोव्हेंबरात पुन्हा लढता आले आणि तो जिंकलाही. पण तो तेव्हा जगज्जेता होता. तुला अशी संधी कोणी आपणहून देणार नाही, म्हणून पुढच्या करारात फेरलढतीचे कलम मागून घे, लढत कोणाच्या गावात आहे आणि पंच कोण नेमतो, हेही सही करण्यापूर्वी विचार.

प्रत्येक हार चोरी नसते, हेही ध्यानात ठेव. 2017 मध्ये गोलोव्हकिनविरुद्धच्या लढतीत एका पंचाने कॅनेलोला 118-110, म्हणजे दहा फेऱ्या विरुद्ध दोन, असा कौल दिला, त्यावर मीही ओरडलो होतो. तुझ्या 58-56 वर ओरडायला मी धजत नाही. आणि केवळ आकडा धुऊन काढण्यासाठी एखादा दुबळा प्रतिस्पर्धी शोधू नकोस. जाणता आयोजक तेही ओळखतो.

लढतीचे पूर्ण चित्रण पाठव. तूही ते आवाज बंद करून बघ आणि प्रत्येक फेरी संपताच, पुढची सुरू होण्याआधी, गुण कागदावर लिही. मीही लिहितो. रविवारी ये, दोन्ही कागद शेजारी ठेवू. चौथ्या फेरीपासून सुरुवात करू.

तुझा,
वस्ताद