किर्लोस्करवाडी: आधी गाव की आधी कारखाना?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: किर्लोस्करवाडीत आधी गाव होतं की कारखाना, आणि मुंबई-पुणं सोडून १९१० साली कुणी इतक्या आडबाजूला कारखाना का काढला. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागातलाच, किर्लोस्करवाडी इथलीच, म्हणून लिहितोय.

आधी गाव नव्हतंच. कुंडल रोड नावाचं रेल्वे स्टेशन होतं आणि त्याच्या कडेला निवडुंगाने भरलेला माळ. नागांचा सुळसुळाट.

कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ही जागा हौसेने निवडली नव्हती. बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर सुरू झाले आणि तेवढ्यात नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. त्या वेळी ते औंधला सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातली ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. १० मार्च १९१० ला वाडीची सुरुवात झाली. पुढे स्टेशनाचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं.

तरी जागा फुकट मिळाली म्हणून सगळं जमलं, असं मला वाटत नाही. लोखंड-कोळसा उतरवायला रेल्वे दारात होती आणि गिऱ्हाईक शेतकरी होता, म्हणजे चहूबाजूला तोच. अर्थात शेतकऱ्याला पटवणं सोपं नव्हतं. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगर वरची माती उकरतो, लोखंडी नांगर ढेकूळच पालथा घालतो. काळ्या रानात हराळी नि कुंदा यांसारखं चिवट तण माजलं की त्याचं मोल कळतं. आमच्या गोठ्यामागे जुना लोखंडी नांगर अजून आहे. त्याचा फाळ बोल्टने बसवलेला आहे. झिजला की तेवढाच बदलायचा, अख्खा नांगर टाकायची गरज नाही.

मला सगळ्यात मोठी वाटते ती वस्तीची रीत. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्या नावाने आसपासची गावं दार लावून घेत, त्यांच्याच हाती कारखाना सोपवायचा! त्या काळात हे करायला छाती लागते.

आणि याच माळावरून मासिकं निघाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, मुळात कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० ला ‘स्त्री’, १९३४ ला ‘मनोहर’. बायकांचं शिक्षण, जातपात, बुवाबाजी यांवरचे वाद मराठी घराघरांत पोचवणारे अंक वाडीच्या छापखान्यातून निघत होते. नांगराइतकंच हेही वाडीचं उत्पादन, असं मी मानतो.

सगळं गोडच होतं असं नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ साली कारखान्यालाही आग लावली गेली. तो पुन्हा उभा राहिला, पण आमच्या भागात त्या दिवसांबद्दल अजूनही लोक मोकळेपणी बोलत नाहीत. बोलायला हवं.

दुसरं म्हणजे, कंपनीच्या गावात घर नोकरीला बांधलेलं असतं. कंपनी दुसरीकडे वाढली की गाव आहे तेवढंच राहतं. किर्लोस्करांचे पुढचे मोठे कारखाने हरिहर, बंगळूर, पुण्याला निघाले. मासिकंही नंतर पुण्याला गेली. वाडीचं शहर झालं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. कारखाना मात्र आजही चालू आहे, तिथे पंप बनतात. बघायचं असेल तर पुणे-मिरज मार्गावर स्टेशन आहे, पण आत जायला आधी परवानगी काढा.