जपानीत पावाला 'पान' म्हणतात, मग त्याचं आपल्या 'पाना'शी नातं आहे का?

नाही. नातं आहे ते आपल्या 'पावा'शी. पोर्तुगीज 'पांव' (नाकातला उच्चार) १६व्या शतकात व्यापारी आणि मिशनऱ्यांबरोबर जपानला पोचला, तिथे 'पान' झाला. कोरियन 'प्पांग' पुढे त्यावरूनच. गोव्याकडून आपल्याकडे तोच शब्द 'पाव' म्हणून आला. मूळ लॅटिन 'पानिस', म्हणून स्पॅनिशमध्येही ब्रेड म्हणजे 'पान'. पायाने कणीक तुडवतात म्हणून पाव, ही निव्वळ दंतकथा. पावशेरातला 'पाव' मात्र संस्कृत 'पाद' (चौथा भाग) वरून.

आपलं 'पान' पर्ण > पण्ण > पान असं घडलं. झाडाचं पान, विड्याचं, वहीचं, आणि 'पानं वाढली' मधलं जेवणाचं, सगळी एकाच घरची. 'मद्यपान' मधलं 'पान' मात्र संस्कृत 'पा' (पिणे) धातूचं. म्हणजे मराठीतच दोन वेगळे 'पान'! पोलिशमध्ये 'पान' म्हणजे श्रीयुत, ग्रीकमध्ये 'सर्व'.

आजचा उच्चार जुळला की माणूस फसतो. आधी दोन्ही शब्दांची जुनी रूपं काढा: 'पर्ण' आणि 'पानिस' शेजारी ठेवले की 'र' कुठून आला याचं उत्तर मिळत नाही, तिथेच नातं तुटतं.