बँडविड्थची ‘कमाल मर्यादा’: मिळून की प्रत्येकी?

प्रश्न असा आहे: इंटरनेट कॉलच्या धोरणाची, म्हणजे कॉलला काय वापरता येईल हे ठरवणाऱ्या नियमांची, माहिती मराठीत लिहिताना ‘कमाल बँडविड्थ’ तीन ठिकाणी येते. तिन्हीकडे अर्थ एकच का? आणि बँडविड्थला ‘पट्टरुंदी’ म्हणावं का?

पट्टरुंदी इथे नको. रेडिओत तो शब्द चपखल बसतो, कारण तिथे खरोखरच कंप्रतेचा पट्टा असतो आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. इथे मोजायचे आहेत सेकंदाला जाणारे बिट. बँडविड्थच ठेवा, पण एकक पूर्ण लिहा: किलोबिट प्रति सेकंद. नुसतं ‘केबी’ लिहिलं आणि कुणी ते किलोबाइट समजलं, तर हिशोब आठपट चुकतो.

अर्थ मात्र तीन आहेत. 2012 च्या आरएफसी 6796 या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात या मर्यादा वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: एकाच वेळी चालू असलेल्या सगळ्या सेशन्सची (म्हणजे कॉल्सची) एकूण, एका सेशनची, आणि एका प्रवाहाची, म्हणजे फक्त आवाजाची किंवा फक्त व्हिडिओची. ‘कमाल सेशन बँडविड्थ’ अशी नामं एकापुढे एक ठेवली की हा फरक बुजतो. ‘दोन कॉलना कमाल 512’ हे वाक्य घ्या. दोघांत मिळून 512, की प्रत्येकी 512 म्हणजे एकूण 1024? ‘मिळून’ आणि ‘प्रत्येकी’ हे शब्द आपण किराण्याच्या हिशोबातही सहज वापरतो; तेच इथे लिहावेत.

दुसरी जोडी ‘धरून’ आणि ‘वगळून’. ती माझ्या मते याहून महत्त्वाची. जी.711 या कोडेकचा, म्हणजे आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा, आवाज सेकंदाला 64 किलोबिटांचा. दर 20 मिलिसेकंदांना डेटाचं एक पॅकेट (पुडकं) निघतं, त्यात आवाजाचे 160 बाइट. वर ते पोचवणाऱ्या प्रोटोकॉल्सचे हेडर, म्हणजे पुढे जोडलेली पत्त्यासारखी माहिती, चढतात: आरटीपीचे 12, यूडीपीचे 8 आणि आयपीव्ही4 चे 20 बाइट. झाले 200 बाइट, सेकंदाला 50 वेळा: 80 किलोबिट. आयपीव्ही6 असेल तर 88. म्हणजे ‘मर्यादा 64’ एवढंच लिहिलं तर हाच कॉल बसतो की नाही, ते कळणारच नाही. ‘सर्व हेडर धरून 80’ लिहिलं की शंका उरत नाही.

कॉलचा तपशील लिहिण्याच्या एसडीपी या मांडणीतही हाच पेच आहे. तिथे बँडविड्थसाठी ‘एएस’ आणि ‘टीआयएएस’ अशी दोन लेबलं आहेत. आरटीपीसाठी ‘एएस’चा आकडा आयपी-यूडीपी हेडर धरून असतो आणि किलोबिटांत असतो, ‘टीआयएएस’चा ते वगळून, आणि साध्या बिटांत. त्यामुळे मराठी तक्त्यात दोघांना एकाच ‘कमाल बँडविड्थ’ मथळ्याखाली घालू नका.