सात नोडचे सात विजेते: क्लब वर्ल्ड कपचा साचा जसाच्या तसा उचलू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे या नोडमधल्या (वसाहतींमधल्या) टर्फ फुटबॉल लीगचे विजेते डिसेंबरमध्ये एकत्र आणायचे आहेत. खारघरचा एकच टर्फ, शनिवार-रविवारच्या दोन संध्याकाळ, सात-सात खेळाडू. नेरूळचा संघ मागचा विजेता, म्हणून फिफाच्या जुन्या क्लब वर्ल्ड कपप्रमाणे त्याला थेट उपांत्य फेरीत घ्यावं का?

माझं मत: घेऊ नका. आधी ती रचना कशी होती ते बघा. २००७ पासून यजमान देशाचा विजेता आणि ओशनियाचा विजेता एक प्लेऑफ खेळायचे. जिंकणारा संघ आशिया, आफ्रिका आणि उत्तर-मध्य अमेरिकेच्या विजेत्यांना मिळायचा, त्यातून दोन संघ उपांत्य फेरीत यायचे, आणि युरोप-दक्षिण अमेरिकेचे विजेते तिथे वाट बघत बसलेले असायचे. खालच्या जागा ठरवणारे सामने सोडले तर सामने एकूण सहा. सरळ नॉकआउटमध्येही सात संघांना सहाच सामने लागतात, म्हणजे सामने काही वाचत नाहीत. फक्त ओझं खालच्या संघावर पडतं. युरोपच्या विजेत्याला कप दोन सामन्यांत, प्लेऑफवाल्याला चार.

२०१६ चं जपानचं काशिमा अँटलर्स बघा. यजमान म्हणून ८ डिसेंबरला सुरुवात, मग ११, मग १४, आणि १८ ला अंतिम फेरीत रेआल माद्रिद, ज्यांचा तो दुसराच सामना. ९० मिनिटांना २-२, एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२. त्यांना निदान मधे तीन-चार दिवस तरी होते. तुमच्याकडे शनिवारी दोन आणि रविवारी एक सामना खेळलेले पाय फायनलला रविवारीच उतरलेल्या नेरूळसमोर असतील. निकाल काहीही लागो, भांडण ठरलेलं.

वर बसवलेला संघ खरोखर वरचा असतो, हेही गृहीत धरू नका. २०१० मध्ये काँगोच्या टीपी माझेंबेने ब्राझीलच्या इंतरनास्योनालला उपांत्य फेरीत २-० ने घरी पाठवलं. सौदी अरेबियाच्या अल हिलालने फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्राझीलच्या फ्लामेंगोला ३-२ ने हरवलं. (तोच अल हिलाल ६ नोव्हेंबर २०२३ ला आपल्या नेरूळला डी. वाय. पाटीलवर मुंबई सिटीला २-० हरवून गेला. नेमार दुखापतीमुळे आला नाही, तिकिटं काढलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.)

तर पहिलं काम आठवा संघ शोधणं. ठाण्यातल्या एखाद्या लीगचा विजेता बोलवा, किंवा यजमान म्हणून खारघरचा उपविजेता घ्या. ‘भरतीचा संघ’ म्हणून कुणी नाक मुरडलं तर २००० ची पहिली स्पर्धा दाखवा: आठ संघ, चारचे दोन गट, गटविजेते थेट अंतिम फेरीत. ब्राझीलचे कोरिंथियन्स यजमान देशाच्या कोट्यातून आले आणि माराकाना स्टेडियमवर वास्को द गामा या ब्राझीलच्याच क्लबला पेनल्टीवर हरवून कप घेऊन गेले.

तीच रचना वापरा. प्रत्येकाला तीन सामने नक्की मिळतात, त्यामुळे एन्ट्री फी घेतल्यावर एका सामन्यात कुणी घरी जात नाही. १५-१५ मिनिटांचे दोन हाफ, ५ मिनिटं मधे, ५ मिनिटं संघ बदलायला, म्हणजे सामन्याला ४० मिनिटं. शनिवारी आठ सामने, ५ तास २० मिनिटं: साडेचारला सुरुवात, ९.५० ला शेवट. क्रम असा लावा: अ१-अ२, अ३-अ४, ब१-ब२, ब३-ब४, मग अ१-अ३, अ२-अ४, ब१-ब३, ब२-ब४. यात कुठल्याही संघाला आपल्या दोन सामन्यांमधे किमान दोन सामन्यांची विश्रांती मिळते. ओळखीच्या संघासाठी हा क्रम हलवलात की कुणावर तरी लागोपाठ खेळायची पाळी येऊ शकते, हे लक्षात ठेवा.

रविवारी पाचला गटाचे उरलेले चार, मग तिसऱ्या जागेचा सामना, अर्धा तास मोकळा आणि फायनल. साडेनऊला संपतं. त्या अर्ध्या तासात हात घालू नका. तिसऱ्या जागेचा सामना पेनल्टीवर गेला तरी आधी तोच वेळ खाल्ला जातो. एक्स्ट्रा टाइम कुठेच ठेवू नका, बरोबरी झाली की सरळ पाच-पाच पेनल्टी. दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे बक्षीस समारंभ पावणेदहाच्या आत उरका आणि पाहुण्यांची भाषणं फायनलआधी आटपा.

एका टर्फवर गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होत नाहीत, ही या रचनेची खरी दुखरी जागा. नंतर खेळणाऱ्याला आपल्याला काय पुरेसं आहे ते कळलेलं असतं. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जेरियाचा सामना आदल्या दिवशी झाला होता, पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने दोघांनाही पुढे नेणारा सोयीचा १-० लावून घेतला, आणि त्यानंतर शेवटचे गटसामने एकाच वेळी सुरू झाले. टर्फ मोठा असेल आणि मधे जाळी टाकता येत असेल तर उत्तम. नाहीतर शेवटच्या फेरीचा क्रम शनिवारी रात्री सगळ्या कप्तानांसमोर चिठ्ठीने ठरवा, आणि समान गुण झाल्यास आधी आपसातला निकाल, मग गोलफरक, हे आधीच लिहून द्या.

आठवा संघ मिळालाच नाही तर सात जणांचं साधं नॉकआउट. बाय (पहिली फेरी न खेळता पुढची चाल) चिठ्ठीनेच द्या, मानाने नाही. आणि बाय मिळालेल्या संघाची गाठ पहिल्या उपांत्यपूर्व सामन्याच्या विजेत्याशी घाला, कारण त्याची विश्रांती सर्वांत जास्त झालेली असते.

आता कागदपत्रं. बहुतेक बोंबाबोंब इथूनच होते. एकच संघ दोन नोडचा विजेता निघाला तर जागा कुणाला? २००७ मध्ये यजमान जपानचाच उरावा रेड्स आशियाचा विजेता झाला, तेव्हा यजमानाची जागा आशियाच्या उपविजेत्या, इराणच्या सेपाहानला गेली, कारण नियम आधीच ठरलेला होता. तुम्हीही उपविजेत्याला जागा द्या, पण ते आज जाहीर करा.

दुसरं, एकाच अकॅडमीचे दोन संघ. आपल्याकडे खारघर आणि कामोठ्यात एकच कोच दोन्हीकडे असणं सर्रास. २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमधून मेक्सिकोचा लेओन नेमका यासाठी बाहेर गेला, कारण त्याच स्पर्धेतल्या पाचुका क्लबचे मालकही तेच होते. लेओनची जागा भरायला लॉस एंजेलिस एफसी आणि क्लब अमेरिका यांच्यात स्पर्धेच्या दोन आठवडे आधी वेगळा सामना घ्यावा लागला. तुम्ही प्रवेश अर्जावरच मालक, कोच आणि बारा खेळाडूंची नावं आधार कार्डाच्या झेरॉक्ससह घ्या, आणि यादीतला खेळाडू दुसऱ्या संघात दिसला तर तो सामना ०-३.

तिसरं, नोडच्या लीग किमान आठवडाभर आधी संपल्या पाहिजेत. बोटाफोगोने ८ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलची लीग जिंकली आणि ११ ला दोह्यात पाचुकाकडून ०-३ खाल्ले.

टर्फवाल्याकडून शनिवारचे सहा आणि रविवारचे पाच तास लेखी घ्या, फ्लडलाइटचे पैसे त्यातच धरलेत का ते विचारून. रेफ्री दोन हवेत, आलटून पालटून. एकच माणूस सलग आठ सामन्यांत पळाला की सहाव्यापासून त्याच्या शिट्ट्या उशिरा वाजतात. टेबलावर वेळ आणि कार्डं लिहायला वेगळा माणूस बसवा. आणि लोखंडी स्टडचे बूट गेटवरच अडवा, नाहीतर टर्फ फाटला की भरपाई डिपॉझिटमधून जाईल.