‘बाळ अगदी शहाणं आहे, रडतच नाही’

“मॅडम, उकाडा फार वाढलाय. बाळाचे ओठ सुकल्यासारखे वाटतात. चमचाभर पाणी पाजलं तर चालेल का?”

स्तनपान समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला उन्हाळाभर ऐकू येतो. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. पहिले सहा महिने वरचं पाणी नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे उकाड्यात बाळाला जास्त वेळा छातीशी घेतलं की त्याची तहान भागते. वरच्या पाण्यानं इवलंसं पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. पाणी जास्त झालं, तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात.

एवढं सांगून फोन ठेवता आला असता. पण बाळ किती दिवसांचं ते विचारलं, तर आई म्हणाली, “आज नववा दिवस.” मग विचारलं, “कालपासून शू किती वेळा झाली?”

ती जरा थांबली. “डायपर लावतो ना, त्यामुळे नीट कळत नाही. सकाळपासून एकच बदललाय. पण बाळ अगदी शहाणं आहे हो, रडतच नाही. रात्री सलग सहा तास झोपलं. सासूबाई म्हणतात, असं बाळ मिळायला नशीब लागतं.”

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी तिला फोन चालू ठेवूनच डायपर उघडायला सांगितलं. तो जवळजवळ कोरडा होता, मधोमध फक्त विटकरी रंगाचा एक डाग. असा डाग जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला तर सहसा काळजी नसते. ते लघवीतल्या युरेट नावाच्या क्षाराचे कण असतात. नवव्या दिवशी मात्र त्याचा अर्थ लघवी फार घट्ट झाली आहे, बाळाला दूध पुरत नाही. जीभ कशी आहे विचारलं, तर चिकट होती. छातीला लावलं की दोन मिनिटं चोखून झोपतं, उठवलं तरी उठत नाही, असं ती म्हणाली. मी सांगितलं, “पाण्याचं नंतर बोलू. बाळाची फाइल घ्या आणि आत्ताच दवाखान्यात निघा.”

जन्माच्या वेळी ३१०० ग्रॅम असलेलं बाळ २७०० ग्रॅमवर आलं होतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण १० टक्क्यांपर्यंत उतरलं की तपासून घ्यावंच लागतं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. इथे घट १३ टक्के होती आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं रक्तातलं सोडियम खूप वाढलेलं. ते घाईनं उतरवलं तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस घेऊन हळूहळू उतरवलं.

या बाळाची टाळू खोल गेलेली नव्हती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच पूर्ववत होत होती. सोडियम वाढलेलं असतं तेव्हा पेशींमधलं पाणी ओढलं जाऊन रक्तवाहिन्या बऱ्यापैकी भरलेल्या राहतात, त्यामुळे पाणी कमी झाल्याची ही ओळखीची लक्षणं उशिरा दिसतात. टाळू ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हे मी आता प्रत्येक घरी सांगते. (टाळू पाहायचीच असेल तर बाळ शांत असताना, त्याला उभं धरून पाहावी.)

दूध कमी का पडलं? सिझेरियन झालं होतं, दूध पाचव्या दिवशी यायला लागलं आणि बाळ नुसतं स्तनाग्र तोंडात धरत होतं. पोट न भरल्यानं ते अशक्त झालं, अशक्त म्हणून झोपू लागलं, चोखलं जाईना म्हणून दूध आणखी आटू लागलं. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले. बाळाची हनुवटी छातीत रुतेल असं धरलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो आणि मग जवळ घेतलं. चार-पाच वेळा चोखलं, मग जबडा क्षणभर थांबला आणि ‘क्’ असा बारीक आवाज आला. “हे गिळलं,” मी म्हटलं. ती कान देऊन ऐकत राहिली. इतक्या दिवसांत हा आवाज तिनं ऐकलाच नव्हता.

सासूबाई बाहेर बसून होत्या. “मीच म्हणत होते, शहाणं बाळ म्हणून,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. यात त्यांची चूक नाही. भरल्या पोटी झोपलेलं आणि मलूल पडलेलं बाळ लांबून सारखंच दिसतं. पोट भरलेलं बाळ दोन-तीन तासांनी आपणहून जागं होतं, दिवसभरात ८ ते १२ वेळा पितं, त्याच्या मुठी सैल असतात, रडणं खणखणीत असतं. मलूल बाळाला उठवावं लागतं आणि त्याचं रडणंही क्षीण असतं.

नेमकं मोजता येतं ते बाहेर येणारं. पहिल्या दिवशी एक लंगोट ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा, फिकट रंगाच्या शूचे. डायपरमध्ये ओल हाताला लागत नाही, म्हणून कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात धरून बघा. भरलेल्या डायपरचं वजन एकदा हाताला कळलं की विसरत नाही. ही ओळख मी आता बाळंतिणीला घरी जाण्याआधीच करून देते. जन्मल्यावर पहिले काही आठवडे बाळाला अश्रू नसतातच, त्यामुळे त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेत, हातपाय गार पडलेत, श्वास जलद चाललाय, बाळ पीत नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आहे, तर सकाळची वाट पाहू नका.

दाखल केल्यापासून सातव्या दिवशी बाळ घरी गेलं, वजन चढतं ठेवून.

आठव्या महिन्यात तिचा पुन्हा फोन आला. बाळाला जुलाब आणि दोन उलट्या झाल्या होत्या. डॉक्टरांकडे जाऊन आली होती. ओआरएस देताना हात थरथरतोय म्हणाली. मी तिला १९७१ सालची गोष्ट सांगितली. निर्वासितांच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती, सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी पाजायला लावलं आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून जुलाब चालू असतानाही ते अंगी लागतं. अख्खं पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात, अंदाजानं अर्धं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच. फळांचे रस आणि गोड पेयं नकोत, जास्त साखरेनं जुलाब वाढतात.

“शू?” मी विचारलं.

“बारा तासांत दोन. दोन्ही जड.”

“रात्री लक्ष ठेवा. कमी वाटलं तर लगेच निघा.”

रात्री एक वाजता तिचा मेसेज आला: “तिसरा. जड आहे.”