स्कॅन नॉर्मल, मग चक्कर कशाची?

डोक्याला मार लागून गेलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "स्कॅनमध्ये काही नाही म्हणाले, मग गरगरतंय कशानं? आत रक्त साकळत असेल का? की माझंच डोकं फिरलंय?" नुसतं "घाबरू नका" म्हणून हा प्रश्न मिटत नाही. म्हणून एका गृहस्थांची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे पन्नाशीचे दूधवाले. वेंगुर्ला रोडवरच्या एका गावातून पहाटे मोटारसायकलला कॅन अडकवून बेळगावात रतीब घालणारे. पावसाळ्यात गाडी घसरली, डोकं आपटलं, क्षणभर शुद्ध गेली. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि दोन दिवसांत घरी सोडलं. पुढं दोन महिने मात्र ते जवळजवळ अंथरुणावरच होते. घरी लिंबू उतरून झालं, अंगारा लावून झाला. भाऊ म्हणाला, कामाचा कंटाळा आलाय. शेवटी कुणीतरी 'टेन्शन आहे' म्हणून माझ्याकडे पाठवलं.

"मॅडम, उजव्या कुशीवर वळलं की घर फिरूलालंय बघा," ते म्हणाले. किती वेळ, असं विचारल्यावर बायको म्हणाली, "मिनिटभर पण नसतंय. पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडतो."

हे ऐकल्यावर मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि त्यांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. कान न तपासता मन तपासायला पाठवणं मला पटत नाही. तोल सांभाळणारं यंत्र आतल्या कानात असतं. तिथं कॅल्शियमचे अगदी सूक्ष्म खडे असतात. डोक्याला हिसका बसला की ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये शिरू शकतात. मग कुशीवर वळलं, वर बघितलं, खाली वाकलं की काही सेकंद सगळं गरगरतं. सीटी स्कॅन असतो रक्तस्राव आणि हाडाची मोड बघायला. हे खडे त्यात दिसत नाहीत. डॉक्टरांनी टेबलावर झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल तपासली, मग डोकं ठरावीक क्रमानं वळवत खडे परत जागेवर आणले. याला एप्ली पद्धत म्हणतात. मार लागून झालेल्या त्रासात ती बरेचदा एकापेक्षा जास्त वेळा करावी लागते, यांनाही लागली. पुढं कधी हा त्रास परत उलटूही शकतो, तेव्हा पुन्हा तीच पद्धत करायची.

मी हे समजावल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सांगाडा शाबूत, चाक तेवढं आउट." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

कुशीवरचं गरगरणं थांबलं. माझं काम खरं तर इथून पुढं होतं, कारण चालताना तरंगल्यासारखं वाटणं आणि गर्दीत तोल जाईल ही धास्ती तशीच राहिली होती. दोन महिने त्यांनी मान जखडून ठेवली होती, मागं बघायचं तर अख्खं अंग वळवायचे. शिवाय मेडिकलमधून चक्करची गोळी आणून रोज चालूच होती. अशा बऱ्याच गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या ठीक, पण लांबल्या तर मेंदूला नव्यानं तोल शिकायला अडथळा करतात. डॉक्टरांनी ती बंद केली. (कुणी आपल्या मनानं औषध बंद करू नये, हेही सांगते.) विश्रांतीचंही तसंच. मार लागल्यावर पहिले एक-दोन दिवस आराम हवा, नंतर हळूहळू हालचाल वाढवायची. आपल्याकडे 'डोक्याला मार लागलाय, हलू देऊ नका' याचीच काळजी जास्त.

फिजिओथेरपिस्टनं व्यायाम दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये डोक्याला मार लागलेल्यांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी बसवलेल्या व्यायामांच्याच वाटेनं जाणारे. कागद कन्नड-इंग्रजीत होता, दहावीतल्या लेकीनं तो मराठीत वहीत उतरवून घेतला. तरुण भारतच्या मथळ्यातलं एक मोठं अक्षर कापून भिंतीला चिकटवलं. नजर अक्षरावर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची. आधी बसून, मग उभं राहून, मग चालत. थोडं गरगरणारच. काही मिनिटांत निवलं तर व्यायाम बरोबर चाललाय, तासभर टिकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचा.

माझ्याकडे आम्ही भीतीची यादी केली. वाकून तोंड धुणं सगळ्यात खाली. मग म्हशीची धार काढणं. त्याच्या वर गणपत गल्लीतली संध्याकाळची गर्दी. गाडी सगळ्यात वर, तीही डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. पायरी सोपी वाटेपर्यंत वरची धरायची नाही. गणपत गल्लीत ते पहिल्यांदा एका दुकानाच्या पायरीवरच बसून राहिले, ते पण मी जमेत धरलं.

बायकोलाही काम दिलं. ती दर तासाला विचारायची, "आता येतेय काय चक्कर?" विचारलं की माणूस आत शोधायला लागतो, आणि शोधलं की सापडतंच. आता फक्त संध्याकाळी, एकदाच विचारायचं. तिला हे सगळ्यात अवघड गेलं.

'आत रक्त साकळत असेल का' ही शंका मात्र दर वेळी फोल नसते. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हापुन्हा उलट्या, गुंगी, बोलताना जीभ अडखळणं, हातपाय लुळे पडणं, फिट, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा. म्हाताऱ्या माणसांत, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, मेंदूभोवती रक्त काही आठवड्यांनीही साचू शकतं. तेव्हा 'मागचा स्कॅन नॉर्मल होता' यावर विसंबू नये.

दूधवाले आता धार काढतात, बाजारात जातात. गाडी चालवतात, पण हेल्मेट घालून आणि उजाडल्यावर. पहाटेचा रतीब अजून पुतण्याकडे आहे, आणि तो परत कधी घ्यायचा यावरून नवरा-बायकोची अजून जुंपते.