गोळी एकच, मग एलडीएल वेगळं का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही आणि तुमचा भाऊ दोघंही रोज ॲटोर्वास्टॅटिन 20 (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) घेता, त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास निम्म्यावर आलं आणि तुमचं जेमतेम हललं, तर हे पोटातल्या बॅक्टेरियामुळे असेल का आणि प्रोबायोटिक सुरू करू का. असू शकतं, पण प्रोबायोटिकच्या मागे लगेच लागू नका.

लिव्हर कोलेस्टेरॉलपासूनच पित्तातली आम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात, चरबी पचवायला मदत करतात आणि साधारण 95 टक्के परत लिव्हरकडे जातात, म्हणजे तोच माल फिरत राहतो. काही बॅक्टेरिया या आम्लांना जोडलेला ग्लायसिन किंवा टॉरिनचा तुकडा तोडतात, मग त्यातली थोडी जास्त आम्लं शौचावाटे निघून जातात आणि ती तूट भरायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. स्टॅटिन पण शेवटी लिव्हरला हेच करायला लावते, म्हणून दोन्हींची गाठ तिथे पडते.

लोव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनचं तर अजून वेगळं, ती पोटात जाते तेव्हा कामाची नसते, रेणूतलं एक कडं उघडावं लागतं. ते मुख्यतः शरीरातली एन्झाइम्स करतात पण बॅक्टेरियाही हातभार लावतात, अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांच्या रक्तात कामाचं औषध कमी सापडलं होतं. तुमची ॲटोर्वास्टॅटिन मात्र तयार रूपातच येते, त्यामुळे हे तुम्हाला लागू नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2022 चा 1,800 हून जास्त लोकांचा अभ्यास. ज्यांच्या पोटात बॅक्टेरॉइड्स नावाचे बॅक्टेरिया भरपूर आणि बॅक्टेरियांची एकूण विविधता कमी, त्यांचं एलडीएल स्टॅटिनने जास्त उतरलं, पण शुगरचं गणितही त्यांचंच जास्त बिघडलेलं दिसलं. म्हणजे कुठले तरी बॅक्टेरिया वाढवले की झालं, असं नाहीये हे.

आधी साधं बघा. माझं एलडीएल हलत नव्हतं तेव्हा डॉक्टरांनी स्ट्रिप मागितली, महिना संपला होता आणि नऊ गोळ्या तशाच होत्या, मला खरंच वाटत होतं की मी रोज घेतोय! थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढं राहतं, ते तपासा. डोस दुप्पट केला तर जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं, म्हणून बरेचदा सोबत एझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषलं जावं म्हणून दिली जाणारी गोळी) देतात, ते डॉक्टरांना विचारा. आणि भावाची शुगर बरेच दिवस बघितली नसेल तर त्यालाही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगा, गोळी मात्र दोघांनीही मनाने बंद करू नका.